पुनवेपर्यंतचा सरंगा

येसूकाकीच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी पुढ्यात, एक स्टीलची वाटी असायची. वाटीत गोठलेलं पाणी आणि त्या बर्फावर मधोमध ठेवलेला एक चिंचोका. मालवणच्या शाळेत नोकरी लागली आणि काकीच्या घराची पडवीलगतची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही वाटी माझ्या नजरेला पडली. मी वैभववाडीकडचा, घाटाखालच्या गावातला. फ्रीज आतून कधी पाहिलेला नव्हता. मला वाटलं, असेल कुठल्या तरी देवाचं. आमच्या मुलखात कशाला काय वाहिलेलं असेल याचा नेम नाही. मी आपला हात जोडून कप्प्याचं झाकण लावलं.

काकी मागे उभी होती. "मास्तरानू, तो देव नाय," ती म्हणाली. "वाचमन आसा तो."

मग तिने समजावून सांगितलं. ती घरात नसताना लाईट गेली आणि बर्फ वितळला, की चिंचोका पाण्यात बुडणार. पुढे लाईट आली, पाणी पुन्हा गोठलं, तरी चिंचोका तळाशीच अडकून राहणार. बाकी सगळं दगडासारखं घट्ट दिसेल, पण मधल्या वेळात काय होऊन गेलं ते चिंचोका सांगेल. बाजारातून, देवळातून, कुडाळहून, कुठूनही परतली की काकी पाय धुवायच्या आधी ती वाटी बघायची. चिंचोका वर असला तर मोरीकडे वळायची. खाली असला तर पदर खोचून कप्पा रिकामा करायला घ्यायची, आणि त्यात कोणाचं काय आहे याचा मग विचार करत नसे.

कोणाकोणाचं बरंच काही असे. आमच्या गल्लीतला तो पहिला फ्रीज. काकीचा एकुलता मुलगा विलास आखातात एका कंपनीत मेकॅनिक होता, त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो मुंबईहून पाठवून दिला होता. काकीने त्याला माजघरात जागा दिली, डोक्यावर विणलेला रुमाल घातला, आणि गल्लीने तो आपलाच मानला. तापाच्या पोराला बर्फ हवा, या काकीकडे. पाहुणे उद्या येणार आणि कोळंबी आज स्वस्त मिळाली, ठेवा काकीकडे. काकी नाही म्हणायची नाही. पण आत जाणारी प्रत्येक वस्तू तिच्या नाकाखालून जायची.

त्या नाकाबद्दल सांगायला हवं. बाई उंच, काटकुळी, मोकळ्या कपाळाची, आणि नाक लांबसडक, सदैव कामात. ती भाजी हुंगायची, रॉकेल हुंगायची, पोस्टमनने दिलेलं पाकीट फोडायच्या आधी हुंगायची. मी शाळेतून आलो की दारातच म्हणायची, "आज पाचवीच्या वर्गात होतात काय? पोरांच्या घामाचो वास येता." आणि मी पाचवीच्याच वर्गातून आलेलो असायचो. कोणी मासा ठेवायला आणला तर तो ताटात घेऊन ती उजेडात जायची, कल्ले उचलायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही अशी रीत होती. मग निकाल. "ठेव," किंवा "आजच खा." टाकून दे असं ती तोंडाने म्हणत नसे. मासा परत हातात द्यायची आणि आपले हात धुवायला जायची.

किती दिवस काय टिकतं याचा तिचा हिशेब तिथीवर चालायचा. बांगडा, तारली हे तेलाचे मासे, ते बर्फातसुद्धा खवट होतात, म्हणून त्यांना एका अमावास्येहून दुसरी अमावास्या दिसू द्यायची नाही. सरंग्यासारखा कमी तेलाचा मासा मिरगाआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, ठेवला तर नारळी पुनवेपर्यंत. त्यापुढे काहीच नाही. पुनवेला गाव समुद्राला नारळ द्यायला निघायचा आणि काकी फ्रीजची पिन काढून कप्पा धुवायला बसायची. नव्या होड्या नवी मासळी आणणार, मग जुनं कशाला ठेवायचं. "बर्फात मासो कुसणा नाय," ती म्हणायची, "पण म्हातारो होताच." उरलेलं सगळं मागच्या दारच्या माडाच्या मुळात. काकीचा माड आपल्यापेक्षा बरं जेवतो, असं गल्लीत म्हणत. त्या माडाला शहाळी मात्र खरोखर लागायची.

भाऊ म्हणून शेजारी होते, कोर्टात बेलीफ. मोठा आवाज, मोठं पोट आणि कोणाच्याही दारात उभं राहून बोलायची नोकरीतली सवय. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि भाऊंनी निवडून आणलेली कोळंबी काकीकडे ठेवली होती. आदल्या दिवशी काकी कुडाळला गेली. त्या काळी झावळ पडली तरी मालवणची लाईट जायची. ती दुपारभर गेली आणि संध्याकाळी आली. काकी रात्रीच्या वस्तीला राहून सकाळी परतली, वाटी बघितली, चिंचोका तळाशी. भाऊ येईपर्यंत कोळंबी माडाला गेलेली होती.

भाऊंनी अख्खी गल्ली गोळा केली. "काकी, तू येवच्या आदी मी हात लावन बघलंय. दगडासारखी घट होती ती."

"घट आसा म्हणजे बरां आसा, ह्यां तुका कोणी सांगलां?"

"अगो, थंड तर होती."

"मेलेलो माणूसय थंडच आसता, भाऊ," काकी म्हणाली. "म्हणान कोण तेका घरात ठेवता?"

पाहुण्यांना त्या दिवशी अंड्याची आमटी मिळाली, आणि लग्न जमलं. तरी पुढे वर्षभर भाऊ काकीशी धड बोलले नाहीत. एकदा मात्र पडवीत बसले असता त्यांनीच मला सांगितलं, की काकीचा नवरा असाच गेला. विलास तेव्हा पाळण्यात होता. कोणा मित्राकडे उरलेल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खाऊन नवरा घरी आला, आणि सकाळ बघितली नाही. कुर्ल्यांनीच गेला की आणखी कशाने, हे कोणी तपासलेलं नव्हतं. काकीने मला ही गोष्ट कधी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. पण त्यानंतर ती माझ्या डब्यात नाक घालायची तेव्हा मला हसू यायचं बंद झालं.

विलासला सुट्टी नेमकी पावसात मिळायची. तिकडे उन्हाने काम मंदावतं तेव्हा कंपनी माणसांना घरी सोडत असे, आणि इकडे होड्या शाकारून ठेवलेल्या, बाजारात सुक्याशिवाय मासा नाही. मुलगा वर्षाने घरी यावा आणि त्याच्या ताटात सुंगटाची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर पडावी, हे काकीला सोसत नसे. म्हणून मिरग जवळ आला की ती स्वतः किनाऱ्यावर लिलावाला जायची. एरवी घासाघीस करणारी बाई त्या दिवशी कोळणीचा शब्द खाली पडू द्यायची नाही. ताटाएवढा सरंगा आणायचा, साफ करायचा, तुकड्या करायच्या, ॲल्युमिनियमच्या डब्यात लावून वर तो बुडेल इतकं पाणी ओतायचं आणि डबा तसाच गोठवायचा. वारा लागला की मासा सुकतो आणि पांढरे चट्टे पडतात, पाण्यात गाडला की वारा लागत नाही. त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. डोक्याची तुकडी सगळ्यात खाली, ती विलासची. ती दुसऱ्या कोणाला वाढलेली मी पाहिली नव्हती.

विलास मोठा हसरा मुलगा. आईचं नाक त्याला मिळालं होतं, स्वभाव नाही. एका संध्याकाळी भरपेट जेवून तो माझ्याकडे पडवीत येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, गंमत बघा. थंय बाराय म्हयने खोक्यातलो बर्फाचो मासो खातंय. गावाक येवन परत बर्फातलोच. पण आयेक सांगा नकात हां."

मी सांगितलं नाही. तो गेल्यावर दोन दिवसांनी काकी तांदूळ निवडता निवडता स्वतःच म्हणाली, "माका म्हायत आसा, थंय तो बर्फातलोच खाता. पण तो कोणी ठेवलो, कधी ठेवलो, मधी काय झालां, ह्यां तेका कोण सांगतलो? ह्यो मी ठेवलंय." आणि पुन्हा तांदळात बघू लागली.

पुढच्या वर्षी डबा भरून ठेवलेला होता आणि आषाढात तार आली. विलास कामावर असताना वरून काहीतरी पडलं आणि तो जागच्या जागी गेला. तार मी वाचली. काकीने ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. हुंगली नाही. भाऊ शेजारून धावत आले ते वर्षभराचा अबोला विसरून, आणि त्यांना बघून ती रडली.

पण रडून संपणारी गोष्ट नव्हती ती. माणूस गेला की दुपारपर्यंत त्याला पोचवायचा, ही आपली रीत. इथे माणूस समुद्रापलीकडे होता आणि त्याच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या व्हायच्या होत्या. दिवस जाऊ लागले. लोक येत, बसत, पावसाबद्दल बोलत. एके दिवशी सगळे उठून गेल्यावर काकीने मला आणि भाऊंना थांबवलं.

"तेका बर्फात ठेवलो आसतलो ना?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो.

"किती दिस ठेवतत?"

हा प्रश्न गल्लीतल्या सगळ्यांनी आजवर तिलाच विचारलेला. ती फ्रीजकडे वळली. मग म्हणाली, "थंय लाईट जाता काय, तेवढां माका विचारून द्या."

मी पोस्टात जाऊन कंपनीच्या मुंबईतल्या माणसाला ट्रंक कॉल लावला. अर्धा दिवस थांबल्यावर लागला. कागद कुठवर आले ते विचारलं आणि मग हा प्रश्न. तो माणूस आधी चिडला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्याचा आवाज उतरला. "नाही हो, तिकडे लाईट जात नाही. आईंना सांगा, कधीच जात नाही." मी धावत घरी येऊन सांगितलं. "बरां," काकी म्हणाली, आणि त्या दिवशी तिने पेजेचे चार घोट घेतले.

इकडे मात्र पाऊस धो धो आणि लाईट सारखी जायची. फ्रीजचं दार उगाच उघडलं तर दुसऱ्यांवर ओरडणारी ही बाई दिवसातून कितीदा तरी कप्पा उघडून वाटी बघत उभी राहायची. चिंचोका वरच होता. विलासचा सरंगा जिथल्या तिथे होता. गल्लीतल्या कोणाचीही आत काही ठेवायची छाती झाली नाही. ते दार उघडं टाकून उभी असलेली काकी बघितली की मला माझ्या खोलीतही बसवत नसे. मी शाळेत जाऊन बसायचो.

शेवटी विलास आला. मुंबईहून टेम्पोने, बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवलेल्या पेटीतून. बरोबर इस्माईल नावाचा रत्नागिरीकडचा मुलगा होता, विलासबरोबर काम करणारा, स्वतःची सुट्टी टाकून आलेला. डोळे लाल, दाढी वाढलेली, कपडे चिखलाने भरलेले. पेटी अंगणात उतरवली. काकीचे माहेरचे लोक, भाऊ, सगळी गल्ली पावसात उभी. भाऊंनी पटाशी आणि हातोडी आणून ठेवली होती. आईने तोंड बघायचं, तोंडात तुळशीपत्र घालायचं आणि मग उचलायचं, असं ठरलं होतं.

काकी पुढे आली आणि तिने आधी इस्माईललाच हाताला धरून पडवीत बसवलं. "वाटेत खंय थांबलात, बाबा?"

पोरगा भाबडा. त्याने होतं ते सगळं सांगितलं. "कशेडीला दरड कोसळली होती, काकी. एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस गाडी तिथेच. बर्फ सगळा वितळला. मी काय करणार? पण चिपळूणला आल्यावर बर्फाच्या कारखान्यातून मी स्वतः नवीन लाद्या भरून घेतल्या. आता हात लावून बघा, चांगली थंड आहे."

काकी उठली, पेटीपाशी गेली आणि तिने फळीवर तळवा ठेवला. पाऊस तिच्या अंगावर पडत होता. भाऊ पटाशी घेऊन वाकले. काकीने दुसऱ्या हाताने पदर उचलला आणि नाकावर घट्ट दाबून धरला. इतक्या वर्षांत तिला नाक झाकताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"भाऊ, उघडू नको."

"काकी, तोंड तरी बघ गो. मागसून मन खातला."

"मधी बर्फाचां पाणी झालां," ती म्हणाली. "आता थंड आसा म्हणान काय? माझ्या डोळ्यापुढे तेचां तोंड आसा. तां बरां आसा. तां माका ऱ्हवांदे."

माहेरचे दोघे समजूत घालायला पुढे झाले, त्यांना भाऊंनी हाताने अडवलं. काकीने तुळशीपत्र पेटीच्या झाकणावर ठेवलं, ते वाऱ्याने उडालं, तिने दुसरं तोडून आणलं आणि बोटाने दाबून धरलं, पेटी उचलेपर्यंत.

स्मशानात पेटी उघडावी लागलीच. ती भाऊंनी, इस्माईलने आणि आम्ही दोघातिघांनी उघडली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. काकीचं बरोबर होतं, एवढंच सांगतो. भाऊ परतताना रस्त्याच्या कडेला बसले आणि पोटातलं सगळं ओकून टाकून लहान मुलासारखे रडले.

त्या वर्षीची नारळी पुनव दिवसकार्यं आटोपल्यावर लगेचच आली. सकाळी काकीने फ्रीजची पिन काढली. आम्हाला वाटत होतं, या वर्षी तो डबा काही ती बाहेर काढणार नाही. भाऊ मला म्हणालेदेखील, "ठेवंदे तिका. आयुष्यभर ठेवंदे. कोणाचां काय जाता?" पण तिने डबा काढला. पाण्यात ठेवून बर्फ सोडवला, तुकड्या ताटात घेतल्या आणि उजेडात जाऊन हुंगल्या. "बरो आसा," ती आपल्याशीच म्हणाली. घरात सुतक संपलेलं होतं, मासा चांगला होता, पण शिजवायला तिचे हात उठेनात. संध्याकाळी भाऊंनी माडाच्या मुळात खड्डा खणला आणि काकीने त्यात सरंगा ठेवला, तुकडी तुकडी, डोकं सगळ्यात शेवटी. समुद्रावर नारळ टाकायला गेलेले लोक वाजतगाजत परत येत होते. त्या वाजंत्र्यांचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

मला वाटलं होतं, काकी आता फ्रीज विकून टाकेल. तिने नाही विकला. गल्लीची कोळंबी पुन्हा आत जाऊ लागली, चिंचोका पुन्हा पहाऱ्यावर बसला, आणि पुढच्या मिरगाआधी काकी किनाऱ्यावर गेली आणि ताटाएवढा सरंगा घेऊन आली. कोणासाठी, असं विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. डब्यात तुकड्या, वर पाणी, डोकं तळाशी. त्या पावसात मी तो डबा रोज बघत होतो आणि मला काकीची भीती वाटत होती. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं ते असं, अगदी रीतीत बसून फिरतं, असं मनात यायचं.

त्याच पावसात माझी बदली आमच्या वैभववाडीकडे झाली. निघायचा दिवस नेमका नारळी पुनवेचा. दुपारची एसटी होती. ट्रंक बांधून निरोप घ्यायला माजघरात गेलो, तर फ्रीजचं दार सताड उघडं, वाटी धुवून पालथी घातलेली, आणि चुलीवर तव्यात सरंगा तळत होता. घरभर मसाल्याचा आणि खोबरेल तेलाचा वास. काकीने पाट मांडला, पुढे ताट ठेवलं. सोलकढी, भात, तीन तुकड्या.

"पुनव आसा आज," ती म्हणाली. "आजच्या दिसापुरतो बरो आसा. जेव रे."

इतकी वर्षं ती मला तुमी म्हणत आली होती. मी बसलो. ती समोर गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली, ताटातून तोंडापर्यंत आणि तोंडातून ताटापर्यंत. तिच्यासमोर न खाण्याची सोय नव्हती.

"वास येणा नाय ना?"

"नाही, काकी," मी म्हणालो. "अगदी ताजा लागतो."

"ताजो खंयचो, बर्फातलो तो. बरो आसा, इतक्याच," ती म्हणाली, आणि उठून तव्यावरची डोक्याची तुकडी माझ्या ताटात वाढली.